बटाट्याचे बेणे आणि बटाट्याचे बी

ज्या पिकांची वाढ खोडाच्या किंवा कंदाच्या तुकड्यापासून करतात, त्यांच्या लावणीच्या साहित्यास मराठीत बेणे म्हणतात. फुलातील बीजांडाचे फलन होऊन जे तयार होते ते बी होय. ऊस, आले, हळद यांच्या बाबतीत हा भेद सहज ध्यानात येतो. बटाट्याच्या बाबतीत मात्र लावणीच्या कंदासही व्यवहारात 'बियाणे' म्हणतात, आणि या वनस्पतीला खरे बीही येते ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. वस्तुतः थंड हवा व मोठा दिवस लाभला म्हणजे बटाट्याच्या अनेक जातींना फुले येतात आणि लहान, हिरव्या टोमॅटोसारखी फळे धरतात. एकेका फळात शंभर-दोनशे बारीक, चपट्या बिया असतात. या बियांपासून परसबागेत बटाटा कसा करावयाचा, आणि तसे करण्यात लाभ कोणता व धोका कोणता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम बेण्याचा विचार करू. कंद हे भूमिगत खोड असल्यामुळे त्याच्या डोळ्यापासून उगवलेले झाड मूळ झाडाचीच प्रतिकृती असते. जातीचे गुण स्थिर राहतात हा बेण्याचा मोठा लाभ होय; परंतु मूळ झाडाबरोबर त्याचे रोगही पुढील पिढीत उतरतात. मावा या किडीमार्फत पसरणारे विषाणू कंदात साठत जातात आणि काही हंगामांत बेण्याचा कस उतरतो. म्हणूनच पुणे जिल्ह्यातील मंचर, खेड या भागांतील बटाटा-उत्पादकाला पंजाबसारख्या दूरच्या प्रदेशातून बेणे आणावे लागते. एका हेक्टरास सुमारे दोन ते अडीच टन बेणे लागते व लागवडीच्या खर्चातील मोठा वाटा त्यातच जातो. एकच एक प्रतिकृती सर्वत्र लावण्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे १८४५ पासून आयर्लंडमध्ये दिसून आले. तेथील गरिबांचे अन्न मुख्यतः 'लम्पर' या एकाच जातीवर अवलंबून होते. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या करप्यास ती जात बळी पडताच सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मृत्यू पावली.

बियांची स्थिती याहून निराळी आहे. बटाट्याचे बहुतेक महत्त्वाचे विषाणू बियांतून पुढे जात नाहीत. कंदास तर्कुरूप करणारा व्हायरॉइड आणि मोजके काही विषाणू एवढेच याला अपवाद आहेत. वजनाचा फरकही विलक्षण आहे: अडीच टन बेण्याचे काम शंभर ते दीडशे ग्रॅम बी करू शकते. लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने आणि १९४९ साली स्थापन होऊन पुढे १९५६ साली सिमला येथे हलविण्यात आलेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने या विषयावर जे काम केले, त्यामागे हीच कारणे होती. भारतात त्रिपुरा राज्यात या पद्धतीचा विशेष प्रसार झाला.

मग सर्वत्र बीच का वापरत नाहीत? याचे उत्तर बटाट्याच्या अनुवंशात सापडते. लागवडीतील सामान्य बटाटा चतुर्गुणित आहे; त्याच्या पेशीत ४८ गुणसूत्रे, म्हणजे प्रत्येक प्रकारची चार असतात. शिवाय तो अत्यंत विषमयुग्मी आहे. द्विगुणित वनस्पतीत एक प्रभावी व एक अप्रभावी जनुक असल्यास, स्वफलनानंतर दर चार संततींपैकी एकीत अप्रभावी गुण प्रकट होतो. चतुर्गुणित बटाट्यात दोन प्रभावी व दोन अप्रभावी जनुके असल्यास युग्मके १ : ४ : १ या प्रमाणात बनतात, आणि केवळ अप्रभावी जनुके असलेली संतती छत्तिसांत एकच मिळते. असे तीन स्वतंत्र गुण एकाच झाडात एकत्र हवे असतील, तर द्विगुणितात चौसष्ट रोपे पुरेशी ठरण्याची अपेक्षा धरता येते. चतुर्गुणितात ती संख्या ४६,६५६ होते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, प्रत्येक बी म्हणजे एक नवी, पूर्वी कधीही अस्तित्वात नसलेली जात होय. दोन, मनाजोगी जात मिळणे हे बहुतांशी संख्येवर अवलंबून असते.

तथापि अल्प संख्येतूनही कधी मोठे यश लाभते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ल्यूथर बरबँक या तरुण बागाईतदारास 'अर्ली रोझ' या जातीच्या झाडावर एकच फळ आढळले. त्यातील २३ बियांपासून त्याने रोपे वाढविली आणि त्यांतील सर्वोत्तम निवडले. १८७५ साली त्या जातीचे हक्क १५० डॉलरला विकून तो कॅलिफोर्नियास गेला. 'रसेट बरबँक' ही अमेरिकेत अत्यंत प्रसिद्धी पावलेली जात त्याच बटाट्याचे उत्परिवर्तन होय.

परसबागेत हा प्रयोग करावयाचा तर पहिली अडचण बियांची. मैदानी प्रदेशात हिवाळ्यातील दिवस लहान असल्याने झाडास क्वचितच फुले येतात. अनेक जातींचे पराग वंध्यही असतात. म्हणून बी बहुधा डोंगराळ, थंड प्रदेशातून मिळवावे लागते. फळे मऊ होईपर्यंत ठेवून कुस्करावीत, बी पाण्यात स्वच्छ धुऊन सावलीत वाळवावे. ताज्या बियांना काही महिन्यांची सुप्तावस्था असते, म्हणून मागील हंगामाचे बी पेरणे सोयीचे. कोरड्या व थंड जागी ते अनेक वर्षे टिकते.

बी रुजण्यास १५ ते २० अंश सेल्सिअस तपमान अनुकूल असते. २५ अंशांच्या वर उगवण मंदावते. यास्तव दख्खनच्या पठारावर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, रात्री गार होऊ लागल्यावर, पेरणी करावी. बारीक चाळलेला पोयटा व चांगले कुजलेले शेणखत समभाग घेऊन वाफा किंवा पेटी भरावी, बी अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये, आणि झारीने हलके पाणी द्यावे. रोप आरंभी अत्यंत नाजूक असते. कंदातून फुटणाऱ्या कोंबामागे अन्नाचा मोठा साठा असतो. बियांतून आलेल्या रोपामागे तसा आधार नसतो. चार-पाच पाने आल्यावर, सुमारे महिन्याभराने, रोपे सायंकाळी सरीत लावावीत.

येथे एक शारीरिक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. बेण्यापासून आलेल्या झाडाचा तळ मुळातच जमिनीत असतो, आणि ज्या भूमिगत फांद्यांच्या टोकाशी कंद पोसतात त्या तेथूनच निघतात. बियांपासून आलेल्या रोपास सोटमूळ असते आणि त्याची बीजदले जमिनीवर येतात. भूमिगत फांद्या प्रथम या बीजदलांच्या बेचक्यांतूनच फुटतात. ते पेर उघडे राहिल्यास त्या फांद्या हिरव्या होऊन वर वाढतात व कंद कमी धरतो. म्हणून रोप बीजदलांपर्यंत मातीत लावावे आणि पुढे दोन-तीन वेळा मातीची भर द्यावी. पहिल्या वर्षीचे कंद बहुधा लहान असतात. ते पुढील लावणीचे बेणे समजावेत. प्रत्येक झाडाचे कंद वेगळे काढून त्यांस क्रमांक द्यावा, अन्यथा निवडीस अर्थ राहत नाही. मार्चनंतरच्या उष्म्यात हे कंद टिकविणे कठीण असल्याने ते शीतगृहात ठेवावेत, किंवा पुणे-सातारा भागात प्रघात आहे त्याप्रमाणे पावसाळ्याच्या आरंभी लावावेत.

निवड करताना केवळ उत्पन्न व आकार पाहून चालत नाही. बटाट्याची फळे विषारी असतात, त्यामुळे ती मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. कंदातही सोलॅनिनसारखी ग्लायकोअल्कलॉइड द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. १०० ग्रॅम ताज्या कंदात २० मिलिग्रॅमपेक्षा त्यांचे प्रमाण अधिक असल्यास तो खाण्यास असुरक्षित मानतात, आणि शिजविल्याने ही द्रव्ये नष्ट होत नाहीत. अमेरिकेत १९६७ साली प्रसृत झालेली 'लेनापे' ही तळणास उत्तम अशी जात याच कारणास्तव १९७० साली मागे घ्यावी लागली. ज्या रोपाचा उकडलेला कंद चाखताच कडवट लागेल किंवा घशाशी जळजळेल, ते रोप कितीही भरघोस असले तरी काढून टाकावे. अपरिचित रोपाचे कंद कडू लागले नाहीत तरी आरंभी ते थोडेच खावेत.

लेनापेच्या पूर्वजांत सोलॅनम चाकोएन्से ही रानटी जाती होती. १९९८ साली होसाका व हॅनेमन यांनी त्याच जातीत स्व-असंगतता दूर करणाऱ्या जनुकाचे वर्णन केले. द्विगुणित बटाटे सामान्यतः स्वतःच्या परागाने फळत नाहीत. या जनुकामुळे त्यांच्या शुद्ध वंशरेषा तयार करणे शक्य झाले, आणि अशा दोन रेषांच्या संकराचे बी एकसारखी संतती देऊ शकते. म्हणजे बियांची निरोगिता आणि बेण्याची एकरूपता यांचा मेळ घालण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. परसबागेतील प्रयोगाचे प्रयोजन मात्र याहून वेगळे आहे. बेण्यात जी विविधता दडून राहते, ती तेथे एका वाफ्यात डोळ्यांसमोर येते: कोणते रोप करप्यात टिकते, कोणते लवकर कंद धरते, कोणते कडू निघते. एकाच प्रतिकृतीवर विसंबून आयर्लंडने जी किंमत दिली ती लक्षात घेता, ही विविधता पाहणे, पारखणे व जतन करणे हे पीकशास्त्राच्या अभ्यासकाने हाती घेण्याजोगे काम आहे.