संशोधन कोणाची मिरासदारी?
संशोधन ही पीएच.डी.वाल्यांची मिरासदारी, असे आपली मुलेही मानू लागली आहेत. मी ते मानत नाही. आमच्या पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइड आहे. लिटरला १.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की दात डागाळतात. प्रमाण फार वाढले की हाडे वाकतात. बी.एस्सी.चा विद्यार्थी हातपंपाच्या पाण्यातले प्रमाण मोजू शकतो. पण ते पाणी कोणत्या वस्तीच्या वाट्याला आले, हे बी.ए.च्या विद्यार्थ्याने विचारायचे. दोघे मिळून संशोधन पुरे होते.

२०२२ च्या यूजीसी आराखड्याने मात्र चौथ्या वर्षातील संशोधनासाठी आधीच्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट घातली. मजुरी करून शिकणारा तिथेच अडतो. प्रश्न विचारण्याचा हक्क गुणपत्रिकेने का ठरवावा? शिक्षकांनी पहिल्याच वर्षी मुलांच्या हाती वही आणि पाण्याच्या नमुन्याची बाटली द्यावी.