अमेरिकेतील महामंदी आणि तेथील शेतकरी

मालाला गिऱ्हाईक नसेल तर भरघोस पीकही शेतकऱ्यावर आपत्ती ठरते. या गोष्टीचा कटू अनुभव अमेरिकेतील शेतकऱ्यांनी १९२९ ते १९३३ या काळात घेतला. त्या संपन्न देशात एकीकडे कोठारे धान्याने भरलेली होती, तर दुसरीकडे शहरांतून फुकट अन्न मिळविण्यासाठी माणसांच्या रांगा लागत होत्या. या विपरीत परिस्थितीतून तेथील शासन व ग्रामीण जीवन कसे बदलले, कोणते उपाय टिकले आणि कोणते उणे पडले, हे ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे.

संकटाचे मूळ

पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात धान्याची टंचाई पडली व गव्हाचे भाव चढले. अमेरिकन शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी व यंत्रे घेतली आणि पश्चिमेकडील विस्तीर्ण गवताळ मैदाने नांगराखाली आणली. युद्ध संपल्यावर युरोपची शेती सावरली आणि १९२० नंतर भाव उतरले. कर्जाचे हप्ते मात्र उतरले नाहीत. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, तेव्हा तेथील शेतकरी आधीच अडचणीत होता.

१९२९ मध्ये एक बुशेल, म्हणजे सुमारे २७ किलो, गव्हाला एक डॉलरच्या आसपास भाव होता. १९३२ मध्ये तो ४० सेंटांच्याही खाली गेला. एका पौंड कापसाचा भाव सुमारे १७ सेंटांवरून साडेसहा सेंटांवर आला. हप्ता भागविण्यासाठी प्रत्येक शेतकरी अधिक पेरा करू लागला. एकट्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते. परंतु सर्वांनीच तसे केल्यामुळे बाजारात माल अधिकच साचला व भाव आणखी घसरले. एकट्या शेतकऱ्याच्या कष्टाने सुटणारा हा प्रश्न नव्हता.

जप्ती आणि लिलाव

१९३० ते १९३३ या काळात सुमारे ९,००० बँका बुडाल्या. १९३३ मध्ये कामकरी वर्गातील दर चार माणसांपैकी एक बेकार होता. गहाण जमिनींवर जप्त्या येऊ लागल्या. आयोवा व शेजारच्या राज्यांतून शेतकरी लिलावाच्या जागी जमावाने जमत, जनावरांना व अवजारांना चार-दोन सेंटांची बोली लावीत आणि घेतलेली वस्तू मूळ मालकाला परत देत. परक्या माणसाने चढी बोली लावण्याचे धाडस करू नये म्हणून धाकही घातला जाई. एप्रिल १९३३ मध्ये आयोवातील ल मार्स येथे जमावाने जप्तीची प्रकरणे चालविणाऱ्या न्यायाधीशालाच न्यायालयातून ओढून बाहेर काढले. कायदा मानणाऱ्या शेतकऱ्यांची सहनशक्ती संपत आल्याची ती खूण होती.

ही मंदी अमेरिकेपुरती राहिली नाही. आपल्याकडेही शेतमालाचे भाव कोसळून कर्जाचा बोजा असह्य झाला. मुंबई प्रांतात १९३९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा जो कायदा झाला, त्यामागे याच काळातील हलाखी होती.

शासन शेताच्या बांधावर

तोपर्यंत धंद्यात व शेतीत सरकारने शक्यतो हात घालू नये, असाच अमेरिकेत समज होता. १९२९ मध्ये अध्यक्ष हूव्हर यांच्या कारकिर्दीत नेमलेल्या शेती मंडळाने गहू व कापूस खरेदी करून भाव सावरण्याचा प्रयत्न केला. परंतु उत्पादनाला आळा नसल्यामुळे गोदामे भरली आणि पैसा संपला.

४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले. मे महिन्यात शेतीविषयक नवा कायदा झाला. ठरावीक पिकांचे क्षेत्र कमी करणाऱ्या शेतकऱ्यास त्या कायद्यान्वये रोख मोबदला मिळू लागला. त्या वर्षी कापसाचे उभे पीक असलेले सुमारे एक कोटी एकर क्षेत्र नांगरून टाकण्यात आले आणि सुमारे साठ लाख डुकरे मारण्यात आली. लोक उपाशी असता अन्नाचा नाश व्हावा, याबद्दल देशभर संताप उसळला. त्यानंतर शिल्लक शेतमाल विकत घेऊन गरजूंना वाटण्याची व्यवस्था करण्यात आली.

ही योजना लाखो शेतांवर पोहोचविली ती विस्तार कार्यकर्त्यांनी. १९१४ च्या कायद्याने प्रत्येक कौंटीत, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या विभागात, शेतीचे नवे ज्ञान देणारे कार्यकर्ते काम करू लागले होते. त्यांनी गावोगाव सभा घेऊन करार समजावून सांगितले. क्षेत्राची पाहणी स्थानिक शेतकऱ्यांच्या समित्यांकडे सोपविण्यात आली. १९३६ च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने मूळ योजना घटनाबाह्य ठरविली. तेव्हा जमिनीचा कस राखणारी गवते व द्विदल पिके घेणाऱ्यास मोबदला देण्याचा नवा कायदा झाला.

मातीचे रक्षण

भावाचे संकट चालू असतानाच निसर्ग कोपला. अवर्षण पडले. गवताची मुळे मातीला धरून ठेवीत होती. ती नांगराने उखडली गेल्यामुळे वाऱ्याबरोबर मातीचे लोट उठू लागले. मे १९३४ मध्ये मैदानी प्रदेशातील धूळ थेट न्यूयॉर्क व वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. १४ एप्रिल १९३५ या रविवारी तर भर दिवसा काळोख पसरला. लाखो माणसे घरदार सोडून निघाली.

मृदातज्ज्ञ ह्यू बेनेट हे जमिनीच्या धुपेविषयी वर्षानुवर्षे इशारा देत होते. एप्रिल १९३५ मध्ये मृदसंधारण खाते स्थापन झाले व त्याची धुरा त्यांच्याकडे आली. तत्पूर्वी १९३३ पासूनच विस्कॉन्सिन राज्यातील कून व्हॅली येथे एका संपूर्ण पाणलोट क्षेत्रावर काम सुरू झाले होते. उताराला आडवी नांगरणी, पट्टापेर, घळींची बांधबंदिस्ती आणि चढावर गवत व झाडे हे उपाय तेथे शेतकऱ्यांशी करार करून योजण्यात आले. श्रमदलातील बेकार तरुणांनी मेहनतीची कामे केली. या तरुणांना दरमहा ३० डॉलर मिळत व त्यांपैकी बहुतेक रक्कम त्यांच्या घरी पाठविली जाई.

१९३७ पासून राज्याराज्यांत मृदसंधारण विभाग स्थापन होऊ लागले. शेतकऱ्यांनी मतदान करून विभाग स्थापावा, आपले पंच निवडावेत आणि सरकारने तज्ज्ञांची मदत पुरवावी, अशी ही रचना होती. आज तेथे असे सुमारे तीन हजार विभाग आहेत.

सहकारातून वीज

१९३५ च्या सुमारास अमेरिकेतील दर शंभर शेतांपैकी जेमतेम दहा-अकरा शेतांवर वीज होती. विखुरलेल्या घरांसाठी तारा नेणे खाजगी कंपन्यांना परवडत नसे. त्या वर्षी ग्रामीण विद्युतीकरणाची शासकीय संस्था स्थापन झाली. शेतकऱ्यांनी थोडी वर्गणी भरून सहकारी संस्था काढावी आणि शासनाने तिला दीर्घ मुदतीचे, अल्प व्याजाचे कर्ज द्यावे, असा मार्ग तिने स्वीकारला. वीस वर्षांत शंभरपैकी नव्वदांहून अधिक शेतांवर दिवे लागले. विहिरीतून पाणी ओढणे, हातांनी कपडे धुणे ही शेतकरी स्त्रियांची कष्टाची कामे त्यामुळे कमी झाली.

ज्यांच्यापर्यंत मदत पोहोचली नाही

या यशाची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. दक्षिणेकडील कापसाचे मळे वाट्याने कसणारे लाखो भूमिहीन होते व त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. क्षेत्र कमी केल्याचा मोबदला जमीनमालकाच्या हाती पडे. त्यातला वाटा कसणाऱ्याला द्यावा, हा नियम पुष्कळदा कागदावरच राही. क्षेत्र घटल्यामुळे मजूरही कमी लागू लागले आणि कित्येक कुटुंबे मळ्यांतून हाकलली गेली. तेथील समित्यांवर बड्या मालकांचाच पगडा असल्याने दाद मागण्यास जागा नव्हती. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सॉ राज्यात गोऱ्या व काळ्या वाटेकऱ्यांनी एकत्र येऊन आपली संघटना स्थापन केली. १९३७ मध्ये कुळांना जमीन घेण्यासाठी कर्ज देणारा कायदा झाला. परंतु गरजेच्या मानाने ती मदत तुटपुंजीच होती. १९३५ मध्ये वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, त्यातूनही शेतमजूर आरंभी वगळले गेले.

या सर्व योजनांनी बेकारी संपूर्ण हटली असेही नव्हे. १९३७-३८ मध्ये मंदी पुन्हा उलटली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मागणीनंतरच सर्वांच्या हाताला काम मिळाले. तरीही संकटग्रस्त नागरिकाची जबाबदारी शासनावर असते, हे तत्त्व अमेरिकेत कायमचे रुजले.

बाजारभावाची घसरण किंवा जमिनीची धूप एकट्या शेतकऱ्याला थोपविता येत नाही. त्यासाठी शासनाचे साहाय्य व शेतकऱ्यांचे संघटन या दोहोंची जोड लागते. जेथे ही जोड जमली, तेथे माती टिकली व घरे उजळली. जेथे मदत मालकाच्या दारातच थांबली, तेथे योजनेचा भार दुबळ्यावर पडला. म्हणून गावात कोणतीही योजना नेताना तिचा लाभ कसणाऱ्या हातापर्यंत पोहोचतो की नाही, हे ग्रामसेवकाने स्वतः शेतावर जाऊन पाहिले पाहिजे.