दुसऱ्या ओळीतला आकडा

ग्रोमॅक्स या रेणूंच्या हालचालींचं गणित करणाऱ्या प्रोग्रामवर काम करणाऱ्या मुलांची ठरलेली तक्रार असते, "मॅडम, फाइलच वाचत नाहीये." वाचत असतो बिचारा प्रोग्राम, फार इमानदारीनं वाचत असतो.

आमच्याकडच्या एका मुलीनं प्रथिनाच्या आत घुसलेले पाण्याचे तीन रेणू एडिटरमध्ये हातानं उडवले. रेणूमागे तीन अणू, म्हणजे नऊ ओळी गेल्या. आता प्रोग्राम एका अणूची ओळ चुकली आहे म्हणून ती ओळच पडद्यावर छापून थांबत होता. तिच्यात तीनच आकडे, तिन्ही ६.२००००. मुलगी त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा मोजत बसली होती. ओळीत खोट नव्हतीच, कारण ती अणूची नव्हे, सगळे रेणू ज्या पेटीत असतात त्या पेटीची ओळ होती. अणूंच्या जागा नोंदवणाऱ्या जीआरओ फाइलीत पहिली ओळ शीर्षकाची, दुसऱ्या ओळीत अणूंची संख्या, मग तितक्याच अणूंच्या ओळी आणि शेवटी पेटीची मापं, नॅनोमीटरमध्ये. दुसऱ्या ओळीत जुनाच आकडा राहिला होता. अणू संपले तरी प्रोग्रामची मोजणी संपली नव्हती, म्हणून त्यानं पेटीलाच पुढचा अणू मानलं. बोंब शेवटच्या ओळीवर, चूक वरून दुसऱ्या ओळीत. आकड्यातून नऊ वजा केल्यावर फाइल मुकाट्यानं वाचली गेली.

अडून बसणारी फाइल मला परवडते. भीती चूक असूनही न अडणाऱ्या फाइलीची, उदाहरणार्थ पीडीबीच्या. प्रथिनांच्या रचना साठवणारी ही माहितीपेढी १९७१ साली सुरू झाली. तिच्या जुन्या फाइलींची ओळ पंचकार्डासारखीच ८० रकान्यांची. अणूचं नाव १३ ते १६ या रकान्यांत. ‘सीए’ १४व्या रकान्यापासून लिहिलं तर तो प्रथिनाच्या कण्यातला अल्फा कार्बन. १३व्यापासून लिहिलं तर कॅल्शियम! मूलद्रव्याचं चिन्ह ७७-७८व्या रकान्यांत द्यायची सोय आहे, पण हातानं जुळवलेल्या फाइलींत ते रकाने बहुधा रिकामे. त्यात कुणी टॅब मारून रांगा सरळ केल्या असतील तर विचारूच नका. डोळ्यांना सगळं ओळीत दिसतं, रकाने मोजणाऱ्या प्रोग्रामला टॅब म्हणजे एकच अक्षर.

त्या मुलीला आता ग्रोमॅक्सचंच एडिटकॉन्फ हे साधन दाखवलं आहे. निर्देशांक फाइल देऊन हवे तेवढेच अणू नव्या फाइलीत उतरवायचे, दुसऱ्या ओळीतली संख्या ते स्वतःच जुळवतं. कोणते रेणू किती, हे सांगणाऱ्या टोपॉलॉजी फाइलीत पाण्याचे तीन रेणू मात्र आपल्यालाच कमी करावे लागतात.