सुवर्णगुणोत्तर आणि आमच्या मात्रा

सुवर्णगुणोत्तर हे नाव मोठे मोहक आहे, आणि शिक्षकाच्या वाटेत पहिली धोंड पडते ती या नावाचीच. मूळ गोष्ट अगदी साधी. एका रेषेचे दोन असमान भाग असे करावयाचे की, सबंध रेषेचे मोठ्या भागाशी जे प्रमाण, तेच मोठ्या भागाचे लहान भागाशी असावे. हे प्रमाण सुमारे १.६१८ येते. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने आपल्या भूमितीत ही विभागणी दिली; पण तिला सोन्याचा मुलामा त्याने चढविला नव्हता. ‘सुवर्ण’ हे विशेषण मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या १८३५ सालच्या पुस्तकात आढळते. कल्पना दोन हजार वर्षांहून जुनी, आणि नाव अवघे दोन शतकांचे.

वर्गात मात्र बहुधा नावापासूनच आरंभ होतो. फळ्यावर एक आयत काढला जातो. अथेन्सचे पार्थेनॉन मंदिर, मोनालिसाचे चित्र, शंख, मानवी देह, सगळीकडे हेच प्रमाण भरून राहिले आहे, असे सांगितले जाते. मुले थक्क होतात, वहीत आकडा उतरवून घेतात, आणि तास संपतो. थक्क होण्याला आमची हरकत नाही. पण शोधाविना पदरी पडलेले आश्चर्य घंटेबरोबरच विरून जाते. शिवाय जे सांगितले त्यातले पुष्कळसे टिकत नाही. पार्थेनॉनच्या चित्रावर आयत बसवताना पायऱ्या धरावयाच्या की सोडावयाच्या, हे मोजणाराच ठरवतो आणि हवे ते उत्तर काढतो. जॉर्ज मार्कोव्स्की या गणितज्ञाने १९९२ साली अशा अनेक समजुती तपासून त्यांतली हवा काढून घेतली. नॉटिलसचा शंख एका पूर्ण वेढ्यात सुमारे तिप्पट वाढतो. सुवर्ण सर्पिल तेवढ्याच वेढ्यात जवळजवळ सातपट वाढावयास हवे. आणि बेंबीचे म्हणाल, तर वर्गातल्या चाळीस मुलांच्या हाती मोजफीत द्यावी. उत्तरे चाळीस प्रकारची येतील, आणि तोच खरा धडा होईल.

मग आरंभ कोठून करावा? आमच्या मते मराठीच्या तासापासून. मराठी मुलाला लघु-गुरू ठाऊक असतात. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आता त्याला विचारावे : चार मात्रांची जागा लघु-गुरूंनी किती रीतींनी भरता येईल? तो बोटांवर मांडू लागेल. लललल, गलल, लगल, ललग, गग. पाच. तीन मात्रांच्या तीन रीती, दोन मात्रांच्या दोन, एका मात्रेची एक. मग पाच मात्रांच्या किती? कोणी सहा म्हणेल, कोणी सात. मांडून पाहिल्यावर आठ निघतात.

येथे शिक्षकाने गप्प बसावे. १, २, ३, ५, ८ ही ओळ फळ्यावर आली की मागच्या दोहोंची बेरीज पुढची संख्या देते, हे कोणाच्या तरी ध्यानात येतेच. पण ध्यानात येणे निराळे आणि कारण सापडणे निराळे. कारण शेवटच्या अक्षरात दडलेले आहे. पाच मात्रांच्या रचनेचे शेवटचे अक्षर लघु असेल, तर त्याच्या आधी चार मात्रा उरतात. त्या पाच रीतींनी भरतात. ते गुरू असेल, तर आधी तीन मात्रा उरतात. त्या तीन रीतींनी भरतात. पाच आणि तीन आठ. तिसरी शक्यताच नाही. हे ज्या मुलाने स्वतः म्हटले, त्याने गणिताची सिद्धता केली. तिला सिद्धता म्हणतात हे त्याला नंतर कळले तरी चालेल.

हा विचार आमचा नव्हे. विरहांक नावाच्या छंदःशास्त्रज्ञाने, सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान केव्हातरी, ‘वृत्तजातिसमुच्चय’ या प्राकृत ग्रंथात मात्रावृत्तांची संख्या काढण्याचा हाच नियम दिला आहे. त्या ग्रंथाचे संपादन आपल्याकडच्या प्रा. ह. दा. वेलणकरांनी केले, हे येथे सांगितलेच पाहिजे. पुढे ११५० च्या सुमारास गुजरातेत हेमचंद्राने तोच नियम नोंदवला. पिसा येथील लिओनार्दो, ज्याला जग फिबोनाची म्हणते, त्याने सशांच्या जोड्यांचे कोडे घातले ते १२०२ साली. त्याच्या नावाने ही संख्यामाला प्रसिद्ध आहे. यावरून छाती फुगवून घेण्यापेक्षा एक गोष्ट पाहावी : ससे हे घातलेले कोडे होते, मात्रा ही कवींची खरीखुरी गरज होती. मुलांच्या मनाला गरजेतून निघालेला प्रश्न लवकर भिडतो.

आता पादाकुलक घ्या. चरणात सोळा मात्रा, आठ-आठांच्या दोन भागांत. नुसत्या सोळा मात्रा भरण्याच्या रीती याच मालेने १५९७ येतात. पण आठव्या मात्रेवर अक्षर संपलेच पाहिजे असा दंडक घातला, तर? आठ मात्रांच्या रीती ३४. म्हणून दोन्ही भागांच्या मिळून ३४ गुणिले ३४, म्हणजे ११५६. मग उरलेल्या ४४१ कोठे गेल्या? ज्यांत एक गुरू बरोबर मधल्या सीमेवर पाय फाकून उभा आहे, त्या त्या! त्याच्या अलीकडे सात मात्रा, पलीकडे सात. सात मात्रांच्या रीती २१, आणि २१ चा वर्ग ४४१. बीजगणिताच्या पुस्तकात हे सूत्र अक्षरांच्या जंजाळात येते आणि मुले ते पाठ करतात. येथे ते यतीच्या नियमातून उलगडते. मराठीचे आणि गणिताचे शिक्षक एकाच खोलीत चहा घेत असूनही ही देवघेव सहसा होत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

एवढे झाल्यावरच गुणोत्तराकडे वळावे. प्रत्येक संख्येला मागच्या संख्येने भागावयास सांगावे. १.५, १.६६७, १.६, १.६२५, १.६१५, १.६१९. एकदा खाली, एकदा वर, आणि दर खेपेस झोका लहान. हे कोठे स्थिरावणार? गुणोत्तर क्ष येथे स्थिरावते असे धरले, तर बेरजेच्या नियमावरून क्ष = १ + १/क्ष, म्हणजेच क्ष² = क्ष + १. हे वर्गसमीकरण माध्यमिक शाळेतला मुलगा सोडवू शकतो, आणि त्याच्या हाती युक्लिडची ती विभागणी येते. केप्लरने हा संबंध १६११ साली नोंदवला होता.

यानंतरचा प्रयोग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. मुलांनी आपल्या मनाच्या कोणत्याही दोन संख्या घ्याव्यात. समजा ७ आणि २. पुढे ९, ११, २०, ३१, ५१, ८२, १३३, २१५. २१५ भागिले १३३ म्हणजे १.६१७. पलीकडच्या बाकावरच्या मुलाने १ आणि १०० घेतले असतील, तोही थोड्या वेळाने तेथेच येईल. तेव्हा सोने संख्यांत नव्हे, नियमात आहे. नियम बदला, गुणोत्तर बदलते. नारायण पंडिताने १३५६ साली ‘गणितकौमुदी’त गाईंचा प्रश्न घातला, त्यात कालवड चौथ्या वर्षापासून विऊ लागते. तेथे गुणोत्तर १.४६६ च्या जवळ जाते. त्याला कोणी सोन्याचे म्हणत नाही, एवढाच फरक.

निसर्गाचा विषय टाळावा असे नाही, मोजून घ्यावा. बाजारातून अननस आणावा, खवल्यांच्या तिरप्या रांगांवर खडूने खुणा कराव्यात. बहुधा एका दिशेने ८ आणि दुसऱ्या दिशेने १३ भरतात. सूर्यफुलात ३४ व ५५ पुष्कळदा मिळतात, कारण नवा अंकुर मागच्यापासून सुमारे १३७.५ अंशांवर फुटतो आणि या कोनामुळे रांगा एकमेकींवर चढत नाहीत. पण त्याच तासाला मोहरीचे फूलही आणावे. त्याला चार पाकळ्या असतात, आणि चार ही संख्या आपल्या मालेत नाही.

डोळ्यांवर विसंबू नये हे पटवण्यास कागद-कात्री पुरे. आठ बाय आठचा चौरस ३ व ५ या अंतरांवर कापून चार तुकडे करतात आणि ते पाच बाय तेराच्या आयतात जुळवतात. चौसष्टाचे पासष्ट झालेले दिसतात! कर्णालगतची बारीक फट सापडेपर्यंत मुलांना वेळ द्यावा. ८ × ८ आणि ५ × १३ यांत नेहमी एकाचाच फरक का, हे कॅसिनीने १६८० साली दाखवले आहे. ती फट शोधलेला मुलगा पार्थेनॉनच्या चित्रावरचा आयतही निरखून पाहील.

या साऱ्याला फार तर तीन तास लागतात. चौथा तास मिळालाच तर प्लुत घ्यावा. त्याच्या तीन मात्रा. लघु, गुरू आणि प्लुत तिन्ही चालतील असे ठरवले, तर रीती १, २, ४, ७, १३ अशा येतात. पुढची संख्या कोणती, आणि या मालेचे गुणोत्तर कोठे थांबते, हे फळ्यावर लिहून शिक्षकाने खडू मुलांच्या हाती द्यावा.