ठोक्यांचा हिशेब, भाग ९ : मॅग्नेट

जिना चढताना पेसमेकर आपण होऊन ठोके कसे वाढवतो, ते या वेळी सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मध्येच भंडारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं, आणि त्यांनी ज्या वस्तूबद्दल विचारलं आहे ती माझ्या टेबलावरची सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात प्रिय वस्तू आहे.

ताईंचे वडील ७४ वर्षांचे. पेसमेकर बसवून नऊ वर्षं झाली. ज्या शहरात तो बसवला तिथून भावाची बदली झाली, सामान हलवताना पेसमेकरचं कार्ड हरवलं, आणि कंपनी कोणती ते आता घरात कोणालाच आठवत नाही. शेवटची तपासणी होऊन तीन वर्षं उलटली. जवळच्या डॉक्टरांकडे ईसीजी मशीन आहे, पण पेसमेकर बाहेरून तपासायचं यंत्र, म्हणजे प्रोग्रॅमर, नाही. ‘बॅटरी किती उरली ते इथल्या इथे कळेल का? शेजारचे काका म्हणतात, फ्रिजवरचा मॅग्नेट छातीवर धरला की कळतं. खरं का?’

शेजारच्या काकांचं निम्मं खरं आहे.

मागच्या दोन भागांत आपण थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका पाडायला लागणारी कमीत कमी वीज, काढला, लीडचा, म्हणजे हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेचा, रोध मोजला, ते सगळं प्रोग्रॅमरवर. पण एका कंपनीचा प्रोग्रॅमर दुसऱ्या कंपनीच्या पेसमेकरशी बोलत नाही. मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये चार कंपन्यांचे चार प्रोग्रॅमर फळीवर असतात. लहान गावात कंपनीचा माणूस बॅग घेऊन येतो तेव्हाच तपासणी होते. आणि कंपनीच माहीत नसेल तर बोलवायचं कोणाला? ताईंची अडचण ही आहे, आणि अशी अडचण घेऊन येणारी माणसं मी दर महिन्याला पाहतो. मॅग्नेटला मात्र कंपनी कळत नाही. तो जवळजवळ सगळ्यांशी बोलतो.

आमचा मॅग्नेट दिसतो मेदूवड्यासारखा : गोल, जाड, मध्ये भोक. ताकद साधारण ९० गॉस किंवा त्याहून जास्त. फ्रिजवरच्या मॅग्नेटचा जोर दोन-चार मिलिमीटरांत विरतो, कातडी आणि चरबी ओलांडून तो आत पोचत नाही. आणि पोचला तरी ईसीजी चालू नसेल तर पाहणार काय? म्हणून घरी हा प्रयोग करू नये. क्वचित एखाद्याच्या हृदयाची लय यात बिघडू शकते, तेव्हा हे डॉक्टरांसमोर आणि ईसीजी चालू ठेवूनच करायचं.

आता आत काय होतं ते पाहू. जुन्या पेसमेकरमध्ये एक ‘रीड स्विच’ असे. काचेची इवलीशी बंद नळी, आत लोखंडी जातीच्या धातूच्या दोन पातळ पट्ट्या, टोकं एकमेकींपासून केसभर दूर. चुंबक जवळ आला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि सर्किट पुरं होतं. हा स्विच वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली अमेरिकेच्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत तयार केला. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमधून तो माणसाच्या छातीत आला, या प्रवासाचं मला आजही नवल वाटतं. एमआरआयच्या प्रचंड चुंबकात या पट्ट्या कशा वागतील याचा भरवसा नव्हता, म्हणून नव्या यंत्रांत त्यांच्या जागी चुंबकक्षेत्र ओळखणारे इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले. पण काम तेच.

काम असं : मॅग्नेट ठेवला की पेसमेकर ऐकणं बंद करतो. एरवी तो सतत कान देऊन असतो. हृदयाचा ठोका स्वतःहून पडला की गप्प, नाही पडला की आपला टाकतो. तिसऱ्या भागात हे सविस्तर आलं आहे. मॅग्नेट असेपर्यंत मात्र हृदय काय करतं आहे याच्याकडे न बघता तो ठरलेल्या वेगाने ठोके देत राहतो. मॅग्नेट काढला की लगेच पूर्वीसारखा. त्याच्या सेटिंगमध्ये काहीही बदलत नाही.

याचा उपयोग काय? समजा पेशंटचं हृदय आज स्वतःच ७५ च्या वेगाने चाललं आहे आणि पेसमेकर ६० वर लावलेला आहे. ईसीजीवर एकही स्पाइक, म्हणजे पेसमेकरने दिलेल्या ठोक्याची उभी रेघ, दिसणार नाही. पेसमेकर शहाण्यासारखा गप्प आहे की बंद पडला आहे, हे नुसत्या ईसीजीवरून सांगता येत नाही. मॅग्नेट त्याला बोलतं करतो. आणि बोलण्याचा वेग बॅटरीशी बांधलेला असतो : बॅटरी भरलेली असताना एक वेग, बदलायची वेळ आली की दुसरा. १९७० च्या दशकात अमेरिकेत यावर दूरची तपासणी उभी राहिली. पेशंटने घरी मनगटाला इलेक्ट्रोड लावायचे, छातीवर मॅग्नेट ठेवायचा, टेलिफोनचा रिसीव्हर यंत्रावर ठेवायचा. ईसीजी आवाजाच्या रूपात तारेतून क्लिनिकमध्ये पोचे आणि तिथे कागदावर उतरे. आज घरोघरच्या मॉनिटरचं कौतुक होतं, त्याची आजी ही.

इथे माझ्या एका पेशंटची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लाऊडस्पीकर दुरुस्त करणारे गृहस्थ. तक्रार एकच : दुकानात बसलं की छातीत धडधडतं, घरी काही नाही. क्लिनिकमध्ये तीनदा तपासलं. थ्रेशोल्ड उत्तम, लीड उत्तम, नोंदींत एकही बिघडलेली लय नाही. घरच्यांना वाटू लागलं की दुकानाचं टेन्शन आहे. तिसऱ्या वेळी मी त्यांना म्हटलं, काका, काम करताना कसे बसता ते करून दाखवा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, नसलेला स्पीकर दोन्ही हातांनी उचलला आणि स्क्रू पिळायला डाव्या छातीशी घट्ट दाबून धरला. बरोबर पेसमेकरवर. गणपतीच्या आधीचा महिना, दिवसाला दहा-पंधरा स्पीकर, प्रत्येकाच्या पाठीला भला मोठा मॅग्नेट! दर वेळी पेसमेकर ऐकणं सोडून ८५ च्या वेगाने सुटायचा आणि त्यांचं स्वतःचं हृदय त्याच्याशी झगडायचं. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून खरं होतं. त्यांनी बाकावर एक शिकंजा बसवून घेतला, स्पीकर त्यात अडकवू लागले, धडधड गेली.

मोबाईलबद्दल तर रोज विचारतात. २०२१ च्या सुरुवातीला डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की चुंबकाची कडी असलेला आयफोन १२ छातीवर धरला तर आयसीडीचं, म्हणजे शॉक देणाऱ्या यंत्राचं, काम तेवढ्यापुरतं थांबतं. ॲपलचीच सूचना आहे की फोन यंत्रापासून १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त दूर ठेवावा. आपल्याकडे शर्टाचा खिसा डावीकडे आणि पेसमेकरही बहुतेक डावीकडेच. फोन पँटच्या खिशात ठेवा, एवढंच.

आता ताईंच्या प्रश्नाचं गाभ्यातलं उत्तर. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. दोन स्पाइकमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि १५०० ला त्याने भागा, मिनिटाचा वेग मिळतो. १५ मिलिमीटर म्हणजे १००. साडेसतरापेक्षा किंचित जास्त म्हणजे ८५. तेवीस म्हणजे ६५. पट्टी आणि पेन्सिल पुरते.

पण आकड्याचा अर्थ कंपनीगणिक वेगळा. मेडट्रॉनिकचे पेसमेकर बॅटरी चांगली असताना ८५ दाखवतात आणि बदलायची वेळ आली की थेट ६५. मधली पायरी नाही. बॉस्टन सायंटिफिकचे १०० वरून ९० आणि मग ८५ वर उतरतात. ॲबटचे, म्हणजे पूर्वीचे सेंट ज्यूड, शंभराच्या आसपास सुरू होऊन बॅटरीबरोबर हळूहळू खाली येतात आणि ८५ ला बदलायची खूण देतात. बायोट्रॉनिकचे ९० आणि नंतर ८०. म्हणजे तोच ८५ आकडा एका घरी ‘निश्चिंत राहा’ आणि दुसऱ्या घरी ‘तारीख घ्या’. नवख्या डॉक्टरांना मी हे पहिल्या दिवशी सांगतो, कारण इथे चुकलं तर एक तर चांगला पेसमेकर काढला जाईल, नाही तर संपत आलेला तसाच राहील. बदलायची खूण आल्यावर हातात साधारण तीन महिने असतात.

मग कंपनी कशी ओळखायची? छातीच्या साध्या एक्स-रेवरून. पेसमेकरच्या पोटात कंपनीची आणि मॉडेलची खूण अशा धातूत कोरलेली असते की ती एक्स-रेमध्ये उमटते. फिल्म नीट मोठी करून पाहिली की अक्षरं वाचता येतात. कार्ड हरवतं, ही खूण हरवत नाही.

डॉक्टर वाचकांसाठी आणखी थोडं, कारण इथे गैरसमज फार आहेत. ऑपरेशनच्या वेळी कॉटरी वापरायची असेल तर पेसमेकरवर मॅग्नेट चिकटवला की झालं, असं समजलं जातं. कॉटरीचा करंट पेसमेकरला हृदयाचे ठोके वाटतो आणि तो गप्प बसतो, त्यावर मॅग्नेट हा उपाय आहे हे खरं. पण बायोट्रॉनिकचे पेसमेकर नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त पहिले दहा ठोके असे देतात, पुढे पुन्हा ऐकू लागतात. काही कंपन्यांत मॅग्नेटला दाद देण्याची सोय प्रोग्रॅमरवरून बंद करता येते, आणि कोणीतरी ती केलेली असू शकते. आयसीडीवर मॅग्नेट ठेवला तर शॉक थांबतात, पेसिंग मात्र आहे तसंच राहतं. ज्याचं हृदय पूर्णपणे पेसिंगवर आहे त्याला तिथे मॅग्नेटचा आधार नाही. आणि मायक्रा, हृदयातच बसवतात ती दोन ग्रॅमची कॅप्सूल, तिच्यात मॅग्नेट ओळखणारा सेन्सरच नाही. म्हणून मॅग्नेट ठेवून काहीच झालं नाही तर लगेच ‘बॅटरी संपली’ असं घरच्यांना सांगू नये. आधी मॅग्नेट बरोबर जागी आहे का ते पाहावं. जाड माणसात पेसमेकर खोल असतो, तेव्हा दोन मॅग्नेट एकावर एक ठेवून मी अनेकदा काम भागवलं आहे.

हे सगळं मी ताईंना फोनवर सांगितलं. त्यांच्या डॉक्टरांनी नागपूरहून मॅग्नेट मागवला आणि पंधरा सेकंदांची स्ट्रिप काढून मला पाठवली. स्पाइक सुरेख, प्रत्येक स्पाइकमागे ठोका. अंतर साडेसतराच्या जरा पुढे. ८५. नेमका तोच आकडा! एक्स-रे दुसऱ्या दिवशी आला. खूण पुसट होती, पण वाचता आली, आणि त्या कंपनीच्या हिशेबात ८५ म्हणजे बदलायची वेळ. आता कोणाला बोलवायचं तेही कळलं. कंपनीचा माणूस परवा प्रोग्रॅमर घेऊन गेला, त्याचंही उत्तर तेच आलं. ताईंच्या वडिलांना गेले काही आठवडे दम लागत होता, तो वयाचा म्हणून सोडून दिला होता. तोही आता डॉक्टर नीट पाहताहेत.

ताई, नवा पेसमेकर पुढच्या मंगळवारी बसेल. तारा जुन्याच राहतील, त्या चांगल्या आहेत. कार्ड हातात आलं की त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, तुमच्या, भावाच्या आणि त्या डॉक्टरांच्या मोबाईलवर ठेवा. आणि डॉक्टरांना सांगा, मॅग्नेट परत पाठवू नका. त्या भागातला पुढचा पेशंट त्यांच्याकडेच येणार आहे.