‘एंड’ या शब्दाची अर्थव्याप्ती

‘शेवट’ हा ‘एंड’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ सर्वपरिचित आहे. परंतु तेवढाच अर्थ गृहीत धरून भाषांतर केल्यास तत्त्वज्ञान व राज्यशास्त्र यांतील प्रतिपादनाचा विपर्यास होण्याचा संभव असतो.

हा शब्द संस्कृत ‘अन्त’ शब्दाचा सजातीय होय. दोहोंतही स्थलवाचक अर्थ स्पष्ट आहे. दोरीचे टोक हा ‘एंड’च, लंडनमधील ‘ईस्ट एंड’ व ‘वेस्ट एंड’ ही वस्त्यांची नावेही त्याच अर्थाची. ‘सीमान्त’, ‘वनान्त’ या शब्दांत ‘अन्त’ म्हणजे कडाच आहे. स्थलाची मर्यादा कालाला लागू झाली, की समाप्ती व मृत्यू हे अर्थ प्राप्त होतात.

‘एंड’चा तिसरा अर्थ हेतू किंवा साध्य हा होय. ग्रीक ‘तेलोस’ व लॅटिन ‘फीनिस’ यांतही समाप्ती आणि हेतू असे दोन्ही अर्थ नांदतात. जर्मन भाषेत मात्र समाप्तीसाठी ‘एंडे’ व हेतूसाठी ‘त्स्वेक’ असे निरनिराळे शब्द आहेत. मनुष्यास केवळ साधन न मानता साध्यही मानावे, हा विचार कांटने 1785 मध्ये मांडला, तो ‘त्स्वेक’ शब्द योजून. त्याच्या इंग्रजी भाषांतरात ‘एंड’ येतो; तेथे ‘शेवट’ म्हणणे निरर्थक ठरेल.

खरी अडचण दोन्ही अर्थ एकत्र आले असता उद्भवते. डॅनियल बेल यांच्या ‘द एंड ऑफ आयडिऑलॉजी’ (1960) या ग्रंथात जुन्या राजकीय विचारप्रणाली निःसत्त्व झाल्याचे प्रतिपादन आहे. तेथे ‘अखेर’ शोभते. फ्रान्सिस फुकुयामा यांनी 1989 च्या लेखात इतिहासाच्या ‘एंड’चा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा घटना घडावयाच्या थांबतील असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. शासनपद्धतींच्या विकासाचे अंतिम रूप म्हणजे उदारमतवादी लोकशाही, असा त्यांचा हेगेलच्या परंपरेतील दावा होता. ‘इतिहासाचा अंत’ या शब्दयोजनेत विनाशाची छटा शिरते व हा दावा झाकला जातो. ‘परिणती’ हा शब्द त्यास अधिक जवळचा आहे.

मराठी ‘अंत’ शब्दात हेतूचा अर्थ नाही. सहनशीलतेचा अंत पाहिला जातो, तो मर्यादेच्या अर्थाने. ‘सिद्धान्त’ शब्दात निर्णयाचा अर्थ टिकून आहे, तो समासापुरता. म्हणून ‘एंड’ आढळताच ‘केव्हा?’ याबरोबरच ‘कशासाठी?’ हा प्रश्नही भाषांतरकाराने त्या वाक्यास विचारला पाहिजे. दुसऱ्या प्रश्नास उत्तर मिळत असेल, तर ‘शेवट’ हा शब्द पुरेसा नाही.