माजी सैनिकांच्या उपचारांचे कंत्राट

सेवेतील जवानावर लष्करी रुग्णालयात उपचार होतात. निवृत्तांची वाढती संख्या मात्र त्या खाटांना पेलवणारी नव्हती. म्हणून 1 एप्रिल 2003 पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे 'ईसीएचएस', सुरू झाली. निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरली की माजी सैनिक व त्याच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय सभासद होतात.

पहिली पायरी पॉलिक्लिनिकची. देशभर अशी चारशेहून अधिक केंद्रे आहेत. तिथले डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते बहुतेक कंत्राटी असतात. पुढच्या उपचारांसाठी तिथूनच 'रेफरल' मिळते आणि रुग्ण लष्करी किंवा करारबद्ध खाजगी रुग्णालयात जातो. खाजगी रुग्णालयाशी सरकार सामंजस्य करार करते. दर रुग्णालयाने ठरवायचे नसतात; केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे, अर्थात 'सीजीएचएस'चे, दर लागू होतात. मंजूर उपचारांसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. बिल ऑनलाइन जाते, त्याची छाननी होते, नियमात न बसणारी रक्कम कापली जाते आणि मग पैसे मिळतात.

खरी कुरबुर इथेच आहे. दर कमी, बिले रखडलेली, अशी रुग्णालयांची तक्रार असते. काही करारातून बाहेरही पडतात. त्याची झळ शेवटी रुग्णालाच बसते.

तातडीच्या प्रसंगी रेफरलशिवाय दाखल होता येते. रुग्णालय करारबद्ध नसेल, तर बिल आधी स्वतः भरावे लागते. परतावा मंजूर दरांनुसारच मिळतो.